गावच्या राजकारणात बाईला टोमणा का बसतो?

महिला सभेची वेळ दुपारी दोनची होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली, भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, रजिस्टर उघडून बसलेले, आणि अडीच वाजले तरी बायका सातच. आठवी आणि नववी येताना मला दिसल्या. जावा-जावा असाव्यात. फाटकापाशी पोचल्या तेवढ्यात समोरच्या पारावरून आवाज आला, “आज भाकऱ्या कोण थापणार रं घरला?” बोलणारा साठीचा, ऐकणारी चार पोरं. पोरं हसली. त्या दोघींतल्या एकीनं काहीतरी विसरल्यासारखा कपाळाला हात लावला आणि दोघी आल्या पावली परत गेल्या.

शिवी दिली नाही, कुणी अंगावर गेलं नाही, कुणाचं नावही घेतलं नाही. पोलीस ठाण्यात जाऊन हे वाक्य सांगितलं तर हवालदारही हसेल. त्या दिवशी नळाच्या पाळीबद्दल काय ठरलं ते मी विसरले, पण त्या दोघींच्या पाठी अजून डोळ्यासमोर आहेत.

असं काही घडलं की आपण “राजकारणाची पातळी घसरली” म्हणतो आणि चहा मागवतो. मला हा प्रश्न पातळीचा कमी आणि हिशेबाचा जास्त वाटतो. गावात बाईला बोलून कुणाला तरी काहीतरी मिळतं. एखादा ठराव मिळतो, पद मिळतं, कधी दारूचं दुकान वाचतं. ते नेमकं कसं मिळतं, हे पंचायतीच्या नियमांत दडलेलं आहे. तिथवर जायचं तर आधी मंडळापासून सुरुवात करावी लागेल.

महिला मंडळ म्हटलं की भजन, शिवणाचा वर्ग आणि पापड-लोणची आठवतात. पण महाराष्ट्रात बायकांचं राजकारण बऱ्याचदा याच दारातून आत आलं. मृणाल गोरे गोरेगावच्या महिला मंडळात काम करत करतच पुढे आल्या. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडलं. १९७२ मध्ये महागाई वाढली तेव्हा त्यांनी आणि अहिल्या रांगणेकरांसारख्या कार्यकर्त्यांनी बायकांना लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरवलं. स्वयंपाकघरातली वस्तू मोर्चात आली, आणि तिची चेष्टाही झाली. चेष्टेला लाटणं सोपं असतं.

गावाकडे वेगळी गोष्ट घडत होती. बारामती तालुक्यातल्या निंबुतमध्ये १९६० च्या दशकातच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती, तीही आरक्षण नसताना. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं. नाशिक जिल्ह्यातल्या त्या छोट्या गावात लाखांच्या घरात बायका आल्या. पंचायतींत पूर्ण महिलांची पॅनल उभी करायची, असा विचार तिथून जोर धरू लागला, आणि १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला तसं पॅनल निवडूनही आलं. मग ७३ वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, आणि पंचायतीतल्या किमान एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. सरपंचपदंही निम्मी.

थोडक्यात, दार आधी बायकांनी ढकललं, कायदा मागून आला. “आरक्षणानं बायका आल्या” असं बोललं जातं, त्यामागे “त्यांची काही लायकी नव्हती” हे न बोललेलं वाक्य असतं, म्हणून हे सांगितलं.

आता आरक्षित जागेसाठी बाई शोधायची कुठे? पॅनलचे कारभारी दोन ठिकाणी बघतात. एक, स्वतःच्या घरात. दुसरं, बचत गटात. दहा-वीस जणींचा गट, महिन्याची बैठक, आतल्या आत कर्ज, हप्ता थकला की घरी जाऊन मागणं. अशा गटाची अध्यक्ष चार-पाच वर्षं काम करते तेव्हा कुणाच्या घरी काय चाललंय हे तिला ठाऊक असतं, बँकेत मॅनेजरशी बोलायची सवय होते, आणि शे-दोनशे मतांची घरं तिला नावानिशी ओळखतात. हे भांडवल पुरुषाला पतसंस्थेत आणि दूध डेअरीत मिळतं. बाईला ते गटात मिळतं. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या कागदांत याला सक्षमीकरण म्हणतात. पॅनलवाल्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की “बाई चालंल, तिच्याकडं माणसं हायती.”

इथेच एक गाठ बसते. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, शिट्टी, छत्री अशी चिन्हं, आणि ग्रामदैवताच्या नावाची पॅनल. त्यामुळे धोरणावर भांडायला जागा फारशी उरत नाही. दोन्ही पॅनल रस्ता करणार, दोन्ही पाणी आणणार. फरक उरतो तो माणसांत आणि भावकीत. म्हणून हल्ला माणसावरच होतो. पुरुष उमेदवाराबद्दल “खाल्ले” म्हणतात, म्हणजे पैसे. बाईबद्दल काय म्हणतात ते मी लिहायची गरज नाही. तिची इज्जत हेच तिचं भांडवल धरलेलं असतं, आणि विरोधक जिथे भांडवल असतं तिथेच हात घालतो.

मंडळ आणि गट हे नुसते माहेर मानले तर चूक होईल. पुष्कळ बोलणी तिथूनच सुटतात. निवडणुकीच्या वर्षी एकाच आळीत दोन हळदीकुंकू होतात, हे ज्यांनी गावात संक्रांत काढली आहे त्यांना सांगायला नको. एका पॅनलच्या उमेदवारीणबाई स्टीलचे डबे वाण म्हणून लुटतात, दुसऱ्या प्लास्टिकच्या टोपल्या. कोण कुणाकडे गेलं, कोण आधी गेलं, कुणी वाण घेतलं पण तिळगूळ न खाता पदराला बांधला, हे सगळं मोजलं जातं. ‘गोड बोला’ म्हणायच्या दिवशी अख्ख्या वर्षातलं सगळ्यात धारदार बोलणं ऐकू येतं. उखाण्यात टोमणा घालण्याची कला तर आपल्याकडे जुनीच. नाव नवऱ्याचं घ्यायचं आणि बाण पलीकडच्या पॅनलवर सोडायचा. शहरात याचंच मोठं रूप म्हणजे इच्छुक नगरसेवकांचे पैठणीचे खेळ. तिथे माइक असतो आणि बक्षीस मोठं असतं, बाकी सगळं तेच.

आणि हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. ही गोष्ट राजकारणाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण नीट बघा. बायकांची गावातली सर्वांत मोठी जमणूक, जिथे उमेदवाराची ओळख होते, जिथे मत फिरतं, तिथे नवरा गेलेल्या बाईला दारच बंद. अशी बाई सरपंच झाली तर तिनं स्वतःच्याच मतदारांच्या मेळाव्यात कुठे बसायचं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा त्याची चर्चा सामाजिक सुधारणा म्हणून झाली, आणि ती तशी होतीच. मला त्यात एक राजकीय कामही दिसलं. काही बायकांना त्यानं मेळाव्यात परत आणलं.

आता हिशेबाकडे येऊ.

बाईला बोलण्याचा हेतू तिला दुखवणं एवढाच असता तर काही काळानं लोक कंटाळले असते. पण बोलणं खाल्लेली बाई पुढच्या वेळी येत नाही. आणि गावच्या कारभारात न येणं मोजलं जातं. तीन ठिकाणी ते कसं मोजलं जातं बघा.

पहिलं ठिकाण ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ असतात. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर. मतदारांत निम्म्या बायका, आणि त्या आल्याच नाहीत तर शंभर भरणं अवघड. मग सभा तहकूब होते. गंमत पुढे आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. पंधरा-वीस जण बसतात, चहा होतो, आणि ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर होतात. लाभार्थ्यांच्या याद्या, गायरानाचा विषय, बोअरची जागा, सगळं त्या पंधरा जणांत. बायका का आल्या नाहीत, हे प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिलेलं नसतं. पारावरचं वाक्य तिथे कुठेच नसतं.

हे टाळावं म्हणूनच कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला सांगितलं आहे. तिथे झालेलं मग मोठ्या ग्रामसभेपुढे ठेवायचं. कागदावर सुरेख आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघरी फिरतं आणि सह्या होतात. भाऊसाहेबांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, हाक तीच राहिली) चार गावं सांभाळायची असतात, त्यांना सोपं पडतं. बायकांनाही एका परीनं सोपं पडतं, कारण पारासमोरून जावं लागत नाही.

दुसरं ठिकाण बाटलीचं. गावात देशी दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी मतदानाची सोय आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं तर उभी, बंद करायचं तर आडवी. चित्राची ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसं कळत होती.

पण अट वाचा. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी चालत नाहीत, यादीतल्या सगळ्या नावांच्या निम्म्याहून जास्त हवीत. समजा यादीत ८०० बायका आहेत. मतदानाला ३९० आल्या आणि सगळ्याच्या सगळ्या जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान चालू राहतं. घरी बसलेल्या ४१० जणींनी उभ्या बाटलीला मत दिल्यासारखंच झालं. दुकानवाल्याला एकाही बाईचं मत वळवायची गरज नाही. त्यानं फक्त मंडळाच्या म्होरक्या बाईबद्दल चार दिवस बाजारात बोलत राहायचं, “हिचा नवरा हिला का सोडून गेला ते विचारा आधी.” तिच्यासोबत दिसायला इतर बायका कचरतात. सह्या केलेल्या सुद्धा मतदानाच्या दिवशी शेतावर जातात. मोर्चात दोनशे आणि मतपेटीत दीडशे, असं होतं ते यामुळे.

तिसरं ठिकाण खुद्द सदस्याची खुर्ची. पंचायतीच्या मासिक सभांना सलग सहा महिने रजा न घेता गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं. कामचुकार सदस्यांसाठी केलेली ही तरतूद. पण एखादी सदस्य प्रत्येक सभेत अपमान होतो म्हणून यायची थांबली, तर सहा महिन्यांनी तिच्यावर बोट ठेवायला कायदाच हजर. तिला कुणी काढलं नाही, ती स्वतःच आली नाही. कागदावर इतकंच दिसतं.

सभेत अपमान म्हणजे दर वेळी आरडाओरडा असतो असं समजू नका. बाई सरपंच असताना सगळे तिच्या नवऱ्याकडे बघून बोलतात. ‘मिस्टरांना पाठवा, त्यांना समजंल.’ ती बोलायला लागली की दोघं आपसात ऊसदराबद्दल बोलू लागतात. ठरावाचं सूचक म्हणून तिचं नाव घातलं जातं आणि तिला ते प्रोसिडिंग वाचल्यावर कळतं. खुर्ची असते, पण थोडी मागे. एका सरपंचबाईंनी मला सांगितलं, “पहिलं वर्ष मी चहा पीतच नव्हते. चहा घेऊन येणारा पोरगा मला पेला सगळ्यात शेवटी द्यायचा, आणि तो कुणीतरी शिकवल्याशिवाय तसं करत नव्हता.” दुसऱ्या वर्षी त्यांनी घरून थर्मास न्यायला सुरुवात केली, आणि सगळ्यांना स्वतः चहा ओतायच्या. मला आधी वाटलं, ही तर हार झाली. त्या म्हणाल्या, “चहा माझा झाला की सभा माझी व्हायला लागते.” मला अजूनही हे शंभर टक्के पटलेलं नाही. पण त्यांनी पाच वर्षं काढली, मी नाही.

नवऱ्याच्या कारभाराला ‘सरपंचपती’ म्हणून आपण हसतो. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं नेमलेल्या समितीनं याच विषयावर अहवाल दिला आणि अशा प्रॉक्सी कारभाराला कडक दंड सुचवला. पण सरपंचपती तयार होण्यात टोमण्याचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही. तालुक्याला एकटी गेली की ‘फिरती’ म्हणतात, नवऱ्यासोबत गेली की ‘बाहुली’ म्हणतात. दोन्हींतलं कमी दुखणारं कुठलं, ते बाई ठरवते आणि नवऱ्याच्या गाडीवर मागे बसते.

एवढं करूनही बाई टिकली तर अविश्वास येतो. गावात ‘अविश्वास आणला’ एवढंच म्हणतात, ठराव हा शब्दही गाळतात. तहसीलदारांकडे नोटीस जाते, सात दिवसांत विशेष सभा बोलावली जाते. त्या सात दिवसांत सदस्य ‘सहलीला’ जातात. कुठे, हे विचारायचं नसतं. महिला सरपंचांना उठसूट काढलं जातं हे दिसल्यावर कायद्यानं राखीव पदावरच्या महिला सरपंचांसाठी तीन चतुर्थांश बहुमताची अट घातली. मतदानाला पात्र असे नऊ सदस्य असतील तर दोन तृतीयांशाला सहा पुरतात, तीन चतुर्थांशाला सात लागतात. एका माणसाचा फरक. पण तो एक माणूस फोडायचा की नाही यावर आठवडाभर गावात झोप नसते. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्यांचा ठराव ग्रामसभेतही गुप्त मतदानानं मंजूर व्हावा लागतो. बाईच्या दृष्टीनं ही भिंत जास्त उंच आहे.

भिंत उंच झाली की माणसं बाजूच्या दारानं येतात. ते दार म्हणजे तक्रार अर्ज. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचांविरुद्ध गावातल्या काहींनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात. त्या म्हणाल्या, मी तिथे राहत नाही, वेगळी भाड्यानं राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती सूर्य कांत आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं स्वच्छ लिहिलं की एक बाई सरपंच झाली आणि तिच्या निर्णयांनुसार आपल्याला चालावं लागेल, हे गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, त्यातून हे घडलं. दोनच महिन्यांनी छत्तीसगडच्या साजबहार गावच्या तरुण सरपंचाच्या प्रकरणातही याच न्यायालयानं सरकारला त्या सरपंचबाईंना एक लाख रुपये द्यायला लावले.

सरपंचाची मुदत पाच वर्षांची. विचखेड्याच्या बाईंना न्याय दिल्लीत मिळाला, पण तोवर त्यातली किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली असतील? तक्रारदाराला जिंकायचं नसतंच. तुमचा वेळ संपवायचा असतो.

फोन आल्यापासून पार खिशात आला आहे. गावाच्या नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात चारशे माणसं, अॅडमिन कुठल्या तरी पॅनलचा. ‘ताईंचा विकास’ म्हणून खड्ड्याचा फोटो टाकला तर तो विरोध झाला, आणि तो करायलाच हवा. त्याच फोटोखाली मग तिच्या साडीबद्दल येतं, तिच्या चालण्याबद्दल येतं. अॅडमिन बघत बसतो. गोंदियाच्या एका प्रकरणात ग्रुपमधल्या सदस्यानं एका बाईला घाण शब्द वापरले आणि अॅडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून अॅडमिनवरही गुन्हा नोंदला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो रद्द केला, कारण सदस्य काय लिहील त्याला अॅडमिन आपोआप जबाबदार धरता येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. गावाच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की पारावरच्या साठीच्या माणसाला निदान लोकांनी बघितलेलं असतं, इथे शेतात बसलेला कोण ते कळतही नाही.

मग हातात काय आहे? कायदे आहेत. बाईच्या शीलाचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला जातीवरून बोलणं अॅट्रॉसिटी कायद्यात येतं हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच कायद्यात २०१६ पासून आणखी एक कलम लागू झालं, त्याची माहिती मला फार कमी सदस्यांकडे दिसली. पंचायतीच्या दलित किंवा आदिवासी सदस्याला, सरपंचाला तिचं नेहमीचं काम करण्यापासून धाकानं वा अडवून रोखणं, हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ग्रामपंचायत कार्यालयाला कुलूप लावून किल्ली खिशात घालून फिरणारा उपसरपंच थेट त्यात बसू शकतो. कामाची अडवणूक नेमकी पकडणारं हे कलम आहे.

पण गुन्हा नोंदवायचा म्हणजे भावकीशी कायमचं वैर, आणि त्याच भावकीच्या बांधावरून रोज पाणी आणायचं असतं. म्हणून गावं आपापले उपाय शोधतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. त्यांच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. बातमी देशभर गेली. लोकांनी चेष्टा केली की गाव आता श्रीमंत होणार. असा दंड कायद्यापेक्षा गावाच्या वजनावरच जास्त टिकतो, त्यामुळे तो किती वसूल झाला यापेक्षा मला त्या ठरावामागचा तर्क महत्त्वाचा वाटतो. दोन पुरुष बांधावरून भांडतात आणि शिव्या मात्र तिथे हजर नसलेल्या दोन बायकांना पडतात, हे कुणीतरी ग्रामसभेत मोठ्यानं म्हटलं आणि लिहून घेतलं.

एक कमतरताही सांगते. पाचशे रुपये शिवीला आहेत. ‘मिस्टरांना पाठवा’ला कितीचा दंड लावणार? भाकऱ्यांच्या वाक्याला? सगळ्यात जास्त काम करणारे शब्द सगळ्यात सभ्य असतात, आणि ते कुठल्याही यादीत सापडत नाहीत.

त्या शाळेच्या व्हरांड्यातल्या सात जणींनी यावर एक युक्ती काढली. त्यांतल्या एक काकू, बचत गटाच्या सचिव, रजिस्टर लिहायची सवय असलेल्या. त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या, “आजची उपस्थिती सात लिहा, आणि कारण पण लिहा.” भाऊसाहेब म्हणाले, कारण लिहायचा रकाना नसतो. काकू म्हणाल्या, “मग विषय म्हणून लिहा. ऐन वेळचा विषय.” बराच वेळ घासाघीस झाली. भाऊसाहेबांनी ‘सभेस येणाऱ्या महिलांना अडथळा निर्माण झाला’ असं लिहून बघितलं. काकूंनी वाचायला सांगितलं, ऐकलं आणि मान हलवली. “असं नाही. जे बोलले ते लिहा. नाव नको, वाक्य लिहा.”

त्यांनी लिहिलं. पेन दोनदा थांबलं.

“रं सुद्धा लिहा,” काकू म्हणाल्या.

मोठ्या ग्रामसभेत महिला सभेचं कामकाज वाचून दाखवायचं असतं. त्या वेळी मी हजर होते. भाऊसाहेबांनी नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचलं: विषय क्रमांक एक, नळपाणी. विषय क्रमांक दोन, अंगणवाडीची खिडकी. विषय क्रमांक तीन, सभेच्या वेळी समोरील पारावरून, अवतरण चिन्हात, आज भाकऱ्या कोण थापणार रं घरला, अवतरण चिन्ह पूर्ण, असे उद्गार काढण्यात आल्याने दोन महिला परत गेल्या, सबब याची नोंद घेण्यात यावी. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आधी बायका हसल्या, मग पुरुषही हसले, आणि एक जण चपला शोधू लागला.